मुंबई आणि मीरा-भाईंदर : निर्वाहखर्चाचा एक हिशेब

दहिसरचा नाका ओलांडला की बृहन्मुंबईची हद्द संपते आणि मीरा-भाईंदरची सुरू होते. रस्ता तोच, आगगाडीचा मार्ग तोच आणि वस्तीही सलग; तरीही कायद्याच्या दृष्टीने ही दोन स्वतंत्र शहरे होत. जुन्या ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा ५५ वाढ. याच दशकात बृहन्मुंबईची वाढ शेकडा चारही नव्हती. एवढी माणसे नाक्याच्या पलीकडे राहावयास गेली, ती कोणता हिशेब करून? आणि तो हिशेब पुढे खरा ठरला काय? येथे जमलेल्या मंडळींपैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघालेला असेल.

दोन शहरांच्या राहणीची तुलना करावयाची म्हटले की पुष्कळजण महागाई निर्देशांकाकडे धाव घेतात. मुंबई राज्यात या निर्देशांकाची परंपरा जुनी आहे. तत्कालीन मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले आणि जुलै १९१४ ची पातळी १०० मानून मुंबईच्या कामगारवर्गाच्या निर्वाहखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे गिरणी कामगारांचा महागाई भत्ता अशाच निर्देशांकाशी जोडला गेला. परंतु या निर्देशांकाकडून जे काम होण्यासारखे नाही, तेही त्याच्याकडून अपेक्षिले जाते. एखाद्या ठिकाणचे भाव त्याच ठिकाणच्या पायाभूत वर्षाच्या मानाने किती वाढले, एवढेच तो सांगतो. एका शहराचा आकडा दुसऱ्याहून मोठा असला, तर तेथे वाढ अधिक झाली असे म्हणता येईल. ते शहर अधिक महाग आहे असे म्हणता येणार नाही. आरंभी स्वस्त असलेल्या गावाचा निर्देशांक महागड्या नगराला सहज मागे टाकू शकतो. तेव्हा तुलना करावयाची ती बाबवार केली पाहिजे.

बाजारातल्या वस्तूंचा विचार फार लांबविण्याचे कारण नाही. दोन्हीकडचा भाजीपाला, कांदा-बटाटा, धान्य पुष्कळ अंशी वाशीच्या बाजार समितीच्या आवारातूनच येते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांना वीज पुरविणाऱ्या यंत्रणेचे क्षेत्र थेट भाईंदरपर्यंत पसरलेले आहे. रिक्षाचे मीटरभाडे ठरविणारे प्राधिकरण एकच. जकातीमुळे भावात पूर्वी जो काही फरक राहत असे, तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर उरला नाही; दहिसर नाक्यावरील पथकरही हलक्या वाहनांपुरता ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. सरकारी नोकराला मिळणारा घरभाडे भत्तासुद्धा दोन्ही ठिकाणी सारखाच, कारण मीरा-भाईंदर हे बृहन्मुंबई नागरी समूहातच मोडते. थोडक्यात, दुकानात पैसे टाकून जे विकत मिळते त्याच्या किमतीत फारसे अंतर नाही.

अंतर आहे ते घराच्या किमतीत. पण ‘मुंबईचे घरभाडे’ असा एक आकडा मुळी अस्तित्वातच नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. गिरगाव-परळच्या चाळींतील जुन्या भाडेकरूंना त्याचा आधार झाला. नव्याने घर शोधणाऱ्यापुढे मात्र पागडीची भिंत उभी राहिली. कायद्याने निषिद्ध असलेली ही पागडी अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने मान्य केली. त्यामुळे एकाच इमारतीत नाममात्र भाडे भरणारे एक कुटुंब आणि बाजारभावाने राहणारे दुसरे, असे दृश्य मुंबईत दिसते. चाळीतील एका खोलीत तीन पिढ्या मावेनाशा झाल्या, तेव्हा धाकट्या भावाने घर कोठे घ्यावयाचे? बोरिवलीही आवाक्याबाहेर गेल्यावर त्याची नजर मीरारोड-भाईंदरकडे वळली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतरही मुंबईतली अनेक कुटुंबे या बाजूला आली. मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे असलेल्या या भूमीवर पाहता पाहता मालकी हक्काच्या सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्याला मुंबईत एक खोली परवडत नव्हती, त्याला येथे स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि स्वतंत्र न्हाणीघर मिळाले. चाळीच्या सामाईक नळावर ज्या गृहिणीने पहाटे रांग लावली असेल, तिच्या दृष्टीने हा लाभ किती मोठा होता, ते आकड्यांत सांगता येत नाही.

या लाभाची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागली. भाईंदर चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवर आहे. जलद गाडीला तासाभराचा अवधी लागतो. घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कचेरी धरली तर एका बाजूस दीड तास सहज जातो. दिवसाचे ३ तास आणि कामाचे २५ दिवस धरले, तर महिन्याचे ७५ तास होतात. आठ तासांच्या पाळीने मोजल्यास नऊ दिवसांहून अधिक काळ केवळ प्रवासात जातो. विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरारोडला पाय ठेवणे कठीण, म्हणून काही प्रवासी उलट दिशेने भाईंदरपर्यंत जातात आणि तेथून सुटणाऱ्या गाडीत जागा धरून येतात. या उलट प्रवासाचा काळ तर कोणी हिशेबातच धरीत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीवर हा भार दुहेरी पडतो, कारण तिचे ते ७५ तास घरकामाचे वजा होऊन नव्हे, झोपेचे वजा होऊन येतात. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट-बोरिवली दरम्यान खास महिलांची गाडी सुरू केली आणि पुढे ती विरारपर्यंत वाढविली, तिच्यामागे हीच निकड होती. दहिसर ते भाईंदर हा मेट्रोचा मार्ग ९ अंधेरी-गोरेगावात काम करणाऱ्यांचा काही वेळ वाचवील. दक्षिण मुंबईला जाणाऱ्याचा भरवसा मात्र आगगाडीवरच राहणार.

दुसरी मोठी बाब पाण्याची. मुंबईने विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७) असे स्वतःचे जलाशय दीडशे वर्षांत एकामागून एक बांधले. मीरा-भाईंदरला स्वतःचा एकही मोठा जलस्रोत नाही. शहाड-टेमघर प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून उल्हास खोऱ्यातील पाणी विकत घेऊन या शहराने दिवस काढले. लोकसंख्या वाढली त्या वेगाने पाणी वाढले नाही. परिणामी गृहनिर्माण संस्थांच्या खर्चात कूपनलिका, पंप आणि टँकर यांची भर पडली. हा खर्च सदनिका घेताना कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. मासिक देखभाल खर्चाच्या पावतीवर तो नंतर उमटला. पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीवरून पाणी आणण्याच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत मीरा-भाईंदरचा वाटा दररोज २१८ दशलक्ष लिटर ठरविण्यात आला. सूर्या प्रकल्प मूळचा सिंचनासाठी आखलेला. डहाणू-विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्याच्या बांधावर जाणारे पाणी शहराकडे वळते, याचीही नोंद या हिशेबात असली पाहिजे.

कराच्या बाबतीतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला. हा निर्णय बृहन्मुंबईच्या हद्दीसाठी होता. म्हणजे लहान घरासाठी म्हणून जो नाक्याच्या पलीकडे गेला, त्याला लहान घराची ही सवलत मिळाली नाही.

हद्दीच्या अलीकडे ते सर्व उत्तम आणि पलीकडे ते उणे, असेही नाही. गोराई आणि मनोरी ही गावे बृहन्मुंबई महानगरपालिकेत आहेत. तथापि तेथील रहिवाशाला बोरिवली किंवा मालाड गाठावयाचे तर खाडी ओलांडण्यासाठी बोटच धरावी लागते, आणि जमिनीवरून यावयाचे तर उत्तन-भाईंदरचा वळसा घालावा लागतो. पत्ता मुंबईचा आणि रस्ता मीरा-भाईंदरचा! याउलट उत्तनच्या कोळी बांधवांना समुद्र दारात आहे, पण शहराचा कचरा साठविण्याची जागाही त्यांच्याच डोंगरावर निवडली गेली. शहराचे सरासरी राहणीमान सुधारते तेव्हा त्याचा भार कोणत्या गावावर पडतो, हे उत्तनला गेल्यावाचून कळत नाही.

आता या हिशेबाला एक नवे वळण लागले आहे. १९८५ च्या सुमारास पस्तिशीत येथे आलेला गृहस्थ पंचाहत्तरीच्या घरात पोहोचला आहे. त्याचा गाडीचा पास केव्हाच संपला. प्रवासाचे ते ७५ तास आता मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर पडतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीवर औषधोपचार आला आहे. मुंबईत नायर (१९२१), के. ई. एम. (१९२६), शीव ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली सार्वजनिक रुग्णालये आहेत. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. पण अवघड शस्त्रक्रियेसाठी पुष्कळांना मुंबईचीच वाट धरावी लागते, किंवा खाजगी रुग्णालयाचे देयक भरावे लागते.

आणि त्या काळच्या इमारती बहुधा चार मजल्यांच्या, उद्वाहनाविना. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील वृद्धाला दूध आणावयास उतरणेही जड जाते. यावर पुनर्विकास हा उपाय आहे; मात्र त्यासाठी जमिनीची मालकी संस्थेच्या नावे असावी लागते आणि अनेक विकासकांनी ते अभिहस्तांतरण करूनच दिलेले नाही. मालकी सदनिकांच्या १९६३ च्या कायद्यात २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. तिचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावयाचा असतो. विकासकाची संमती त्यास लागत नाही; संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे आणि जमिनीची कागदपत्रे लागतात. ज्या संस्थांनी हे कागद अद्याप एका फाइलीत लावलेले नाहीत, त्यांच्या सभासदांचे वय दरवर्षी एकाने वाढतच आहे.