चालकाचा अर्ज आणि श्रमाची नोंद



बीड जिल्ह्याचा विषय निघाला की दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर हे तीन शब्द पाठोपाठ येतात. चौथा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. तो म्हणजे चालक. वस्तुतः हा जिल्हा चाकांवर जगत आला आहे. परळीला रेल्वे निजामी राजवटीपासून आहे. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोपर्यंत दूध, कापूस, बालाघाटातील सीताफळे, शाळकरी मुले आणि दवाखान्यात न्यायचे रुग्ण, सारे काही रस्त्यानेच जात होते. आजही बहुतांशी रस्त्यानेच जाते. 2005 साली टाटांची ‘एस’ ही लहान मालगाडी आली. लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. त्यानंतर पिकअप आणि शाळेच्या व्हॅनही खेड्यापाड्यांत पोहोचल्या. कोरडवाहू शेतीत ज्याचे भागत नाही आणि ज्याला बापाचा कोयता हाती घ्यावयाचा नाही, अशा तरुणाला स्टिअरिंग हाच जवळचा मार्ग दिसू लागला.

या तरुणाला नोकरी मिळते कशी? बहुधा ओळखीने. मामा सांगतो, मुकादम सांगतो, गावचा पुढारी ‘आपलाच माणूस आहे’ असा निरोप धाडतो. ज्याच्यासाठी असा निरोप धाडणारे कोणी नाही, त्याला कागदावर विसंबावे लागते. अंबाजोगाईची एखादी शाळा असो, बीडचे रुग्णालय असो की वाळूज-चाकणची कंपनी असो, ‘बायोडाटा घेऊन या’ असे त्याला सांगितले जाते. तो झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथील संगणकात एकच साचा तयार असतो, आणि तो पुष्कळदा लग्नाच्या बायोडाट्यावरून उचललेला असतो. वडिलांचे नाव, जात, उंची, वर्ण, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी ग्वाही. त्याने कोणती गाडी, किती वर्षे, कोणत्या रस्त्यावर चालविली याची मात्र एक ओळही त्यात नसते. जे त्याचे एकमेव भांडवल, तेच नेमके कागदावरून गळून पडते.

हा केवळ लेखनाचा दोष नव्हे. त्यामागे अर्थव्यवहार आहे. श्रमाच्या बाजारात विकणाऱ्याला स्वतःचे कौशल्य ठाऊक असते, घेणाऱ्याला ते दिसत नसते. न दिसणाऱ्या कौशल्याची किंमत मालक नेहमीच कमीत कमी धरतो, किंवा मग कोणाच्या तरी शिफारशीवर भिस्त ठेवतो. आणि शिफारस कधी फुकट मिळत नाही. तिची परतफेड मिंधेपणाने करावी लागते. ऊसतोडीतील उचल यापेक्षा काय वेगळी आहे? तेथेही एका कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, उचल ठरते; बोलणी मुकादम करतो, हिशेबाची वही मुकादमाची असते. वीस हंगाम ऊस तोडलेल्या जोडप्यापाशी आपण काम केले हे सांगणारा चिठोराही सहसा नसतो. चालकाच्या अर्जात मात्र मधला माणूस गळतो. तेथे कामगार स्वतःच्या नावाने स्वतःच्या श्रमाविषयी बोलू शकतो, आणि म्हणूनच तो अर्ज नीट लिहिला गेला पाहिजे.

महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांच्या चळवळीचा एक मोठा भाग नोंदीसाठीच झाला. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत आले, तेव्हा कालपर्यंतचा ‘कोणीतरी ओझेवाला’ हक्क सांगणारा कामगार झाला. 1972 च्या दुष्काळाने गांजलेल्या मराठवाड्याने खडी फोडताना हजेरीपटाचे मोल ओळखले. पुढे 1977 च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याच्या हक्कालाच कायद्याचे रूप दिले. त्या कायद्यातही मजुराने अर्ज करावयाचा होता. अर्ज म्हणजे याचना, ही समजूत तेव्हाच मोडली गेली.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. धारूर तालुक्यातील एक तरुण कल्पावा. पाच गळीत हंगाम त्याने उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह ओढला, आणि एरवी पिकअपमधून सीताफळाचे क्रेट पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचविले. तो लिहितो, ‘गाडी चालविण्याचा अनुभव आहे.’ यातून काहीच कळत नाही. त्याने लिहावे : ‘2019 ते 2024, पाच गळीत हंगाम, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, शेतापासून कारखान्यापर्यंत रात्रीची वाहतूक, धारूर घाटातून भरल्या गाडीने नियमित ये-जा. सीताफळाच्या हंगामात पिकअप, धारूर ते पुणे.’ या चार ओळींत वाहन आले, काळ आला, रस्ता आला, जबाबदारी आली. चाक बदलणे, पट्टा व तेल-पाणी तपासणे, डिझेलचा हिशेब ठेवणे, पोहोच-पावतीवर सही घेणे, हीही कौशल्येच आहेत, ती लिहावीत. पूर्वीच्या मालकाने दोन ओळींचे अनुभवपत्र दिले तर उत्तम. न दिल्यास, विचारणा करता येईल अशा व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने द्यावे.

परवान्याची माहिती अर्जाच्या आरंभीच असावी : वाहनाचा वर्ग, परवाना प्रथम मिळाल्याचे वर्ष, वैधतेची अखेरची तारीख आणि तो बीड कार्यालयाचा की अंबाजोगाईचा, हे सारे. येथे कायद्याचे ज्ञान उपयोगी पडते. हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एल.एम.व्ही.चा परवाना असलेल्याने 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वा प्रवासी वाहन चालविण्यास वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. घातक पदार्थांच्या वाहतुकीसारख्या कामांच्या खास अटी अर्थातच कायम आहेत. व्यावसायिक वाहनासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्येच उठली. तरीही ‘बॅज नाही’, ‘शिक्षण कमी’ असे सांगून तरुणांना दारातून परत पाठविले जाते. अशा वेळी अर्जातील एक अचूक वाक्य पुष्कळ काम करून जाते.

अपघात झाला असल्यास तो दडवू नये. वर्ष, स्वरूप आणि निकाल थोडक्यात लिहावा. लपविलेली गोष्ट नंतर उघड झाली तर नोकरीही जाते आणि शब्दही जातो. उलट जात, धर्म, वर्ण, कुलदैवत, आधार क्रमांक यांना अर्जात स्थान नाही. आडनाव वाचून माणसाची जात हुडकण्याची खोड आज या जिल्ह्यात पुन्हा बळावली आहे. निदान अर्जदाराने तरी आपल्या हाताने त्या खोडीला खाद्य पुरवू नये. सारा मजकूर एका पानात, साध्या मराठीत बसावा. कंपनीने इंग्रजी मागितले तर इंग्रजीत लिहावा, पण अर्जदाराला स्वतःला वाचून समजावून सांगता येईल इतकाच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, चालकाची परीक्षा स्टिअरिंगवर होते, कागदावर नव्हे. खरे आहे, परंतु त्या परीक्षेला बोलावले जाते ते कागद पाहूनच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्तम अर्जाने एकही नवी नोकरी निर्माण होत नाही. मग अर्ज लिहावयास शिकविणे म्हणजे बेकारीचा दोष बेकारावरच ढकलणे नव्हे काय? ‘तुला लिहिता येत नाही म्हणून तू बेकार’ असे कोणी म्हणत असेल तर तो ढोंगीपणाच होय. नोकऱ्या वाढतील त्या सिंचनाने, उद्योगाने आणि सार्वजनिक खर्चाने. परंतु असलेली नोकरी वशिल्याच्या माणसाला मिळते की लायक माणसाला, आणि ती कोणत्या अटींवर मिळते, हा प्रश्न दुय्यम नाही.

अटींची बोलणी अर्जापासूनच सुरू होतात. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा कामगार सुरक्षिततेच्या नव्या संहितेत विलीन झाला. नव्या संहितांविषयी चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण कामावर घेताना नियुक्तिपत्र देण्याचे बंधन त्याच संहितेत आहे, आणि ते पदरात पाडून घेतले पाहिजे. म्हणून अर्जाच्या शेवटी नम्रपणे, पण स्पष्टपणे लिहावे : ‘निवड झाल्यास वेतन, कामाचे तास व साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख असलेले नियुक्तिपत्र मिळावे.’ आणखी एक पथ्य पाळावे. मूळ परवाना मालकापाशी कधीही ठेवू नये. अर्जासोबत छायाप्रतच द्यावी. परवाना मालकाच्या कपाटात गेला की तीही एक उचलच होते. फरक इतकाच, की हाती पैसा येत नाही.

कार्यकर्त्यांसाठी येथे काम आहे, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. कारखान्यांचा पट्टा पडला की टोळ्या गावी परततात. त्या दिवसांत केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा ठिकाणी शाखांनी रविवारी दोन तास बसावे. एकाने तरुणाला विचारावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे, कायदा जाणणाऱ्याने परवाना तपासावा. मजकूर कार्यकर्त्याच्या भाषेत नको, तरुणाच्या भाषेत हवा. त्याने सांगितलेल्या कामाचा आधी एक तक्ता करावा : वर्ष, वाहन, रस्ता, मालक, मजुरी. या तक्त्यातून बायोडाटा तर होईलच. पण असे पन्नास तक्ते एकत्र ठेवले की किती मजुरी थकली, रात्रीची किती पाळी झाली, सुटी कोणाला मिळालीच नाही, हेही समोर येईल. मग पुढची मागणी एकट्या चालकाला करावी लागणार नाही. ती पन्नास जणांच्या सहीने करता येईल.