काम आहे, पण भागत नाही

(मंडळाच्या इंदूर येथील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक)



जेवणाची पाने मांडली जात असताना आकडेवारीवर बोलायला उभे राहणे हे धाडसच आहे. पण मी आयुष्यभर बँकेत आकडेच मोडले आणि कार्यवाहांनी विषयही तसाच दिला आहे : आपल्या मध्य प्रदेशातील रोजगार, उत्पन्न आणि गरिबी. तेव्हा थोडा वेळ सहन करा.

आधी गोड बातमी सांगतो. केंद्र सरकार दरवर्षी श्रमशक्तीची पाहणी करते. २०२३-२४ च्या पाहणीत मध्य प्रदेशात बेकारीचे प्रमाण होते १ टक्का. देशाचे ३.२ टक्के. आणि गोव्याचे? ८.५ टक्के. त्या वर्षी सर्व राज्यांत सर्वांत कमी बेकारी आपल्याकडे होती.

माझी धाकटी बहीण फोंड्याला दिली आहे. हा आकडा वाचला त्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने तिला फोन केला. म्हटले, बघ, आमचे राज्य तुमच्या कितीतरी पुढे गेले. तिने ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "दादा, एवढे काम तिकडे आहे, तर तुझे दोन्ही मुलगे पुण्याला कशाला गेले?"

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले तेच आज तुमच्यासमोर ठेवतो.

ज्या गोव्यात बेकारी आपल्या आठपट, त्या गोव्याचे दरडोई वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांच्या वर आहे. आपल्या राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी दिलेला आकडा आहे १,५२,६१५ रुपये. देशाची सरासरीदेखील २ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे बेकार जास्त तिथे पैसा जास्त, आणि सगळे कामाला लागलेले तिथे पैसा कमी. हे कसे?

याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतकेच आपल्या घरातही सापडते. बेकार राहायलासुद्धा ऐपत लागते. बापाचे पेन्शन आहे, घर स्वतःचे आहे, तर पदवीधर मुलगा मनाजोगती नोकरी मिळेपर्यंत दोन वर्षे थांबू शकतो. पाहणीत त्याची नोंद बेकार म्हणून होते. ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ सकाळच्या मजुरीवर अवलंबून आहे, तो थांबणार कसा? तो मिळेल ते काम, मिळेल त्या दराने करतो. पाहणीत तो रोजगार असलेला ठरतो.

शिवाय हा १ टक्का ज्या पद्धतीने निघतो, त्यात मागच्या ३६५ दिवसांपैकी ३० दिवस जरी कुणी काम केले असेल, तरी तो काम असलेल्यांत मोजला जातो. घरच्या शेतावर किंवा दुकानात एक पैसाही न घेता राबणारी सून, मुलगा, पुतण्या हेही काम असलेल्यांतच. देशभरात २०२३-२४ मध्ये दर १०० कामकऱ्यांपैकी जेमतेम २२ जणांना नियमित पगार होता. ५८ जण स्वतःच्या धंद्यात किंवा शेतीत होते आणि २० जण रोजंदारीवर. या पाहणीत काही खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. ती काम आहे की नाही हे विचारते. कामातून घर चालते का, हे त्या १ टक्क्यात दिसत नाही.

आमच्या आळीत एक काका राहायचे. गिरणीत विणाई खात्यात होते. गिरणीचे नाव घेत नाही, कारण इंदूरच्या बहुतेक गिरण्यांची कथा सारखीच. आमचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चालायचे. एक दिवस भोंगा वाजला नाही, तो पुन्हा कधी वाजलाच नाही. काका तेव्हा चाळिशीत होते. त्यानंतर त्यांनी रात्रपाळीची चौकीदारी केली, हातगाडीवर केळी विकली, लग्नसराईत आचाऱ्याच्या हाताखाली राबले. काकू पापड लाटायच्या. पुढची सतरा वर्षे काका एक दिवस घरी बसले नाहीत. सरकारी हिशेबात ते कधीच बेकार नव्हते. आणि त्याच सतरा वर्षांत त्यांची मोठी मुलगी दहावीला शाळेतून निघाली, खोली विकली गेली आणि थकलेली देणी मिळण्याआधीच काका गेले.

ही एका घराची गोष्ट झाली. आता सार्वजनिक नोंदीतली पाहू. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. ५,८९५ कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने २२९ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. तरी सगळे पैसे मिळाले नाहीत. शेवटी २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला. बत्तीस वर्षे! हक्काचा पैसा आला तेव्हा कितीतरी घरांत तो घ्यायला विधवा किंवा नातवंडे होती. मिळाला याचे समाधान आहेच. पण ज्या पैशाने १९९२ मध्ये मुलाचे शिक्षण झाले असते, तो २०२३ मध्ये मिळून ते शिक्षण होत नाही.

आता पुन्हा दरडोई उत्पन्नाकडे येऊ. १,५२,६१५ भागिले बारा, म्हणजे माणशी महिना साधारण १२,७०० रुपये. पाच माणसांचे घर धरले तर महिन्याला ६३,५०० रुपये. या सभागृहात कितीजणांच्या घरी एवढे येतात? हात वर करा. (काही हात वर.) बरे. आणि तुमच्याकडे धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या घरी येतात का? (हशा.) हसू नका, तीही याच सरासरीत आहे. त्या रकमेत कंपन्यांचा नफाही आहे आणि बड्या व्यापाऱ्यांची मिळकतही. सरासरी म्हणजे पंगतीत एकाला दहा लाडू आणि नऊ जणांना एकही नाही, तरी प्रत्येकी एक लाडू असे लिहिणे.

गरिबी कमी झाली का? प्रामाणिकपणे सांगायचे तर झाली. सुरेश तेंडुलकर हे आपले मराठी अर्थतज्ज्ञ. त्यांच्या समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये आपल्या राज्यात ३१.६५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, देशात २१.९२ आणि गोव्यात अवघे ५.०९. तेव्हा ती रेषा देशभरासाठी खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये इतकी खाली होती, हेही ध्यानात ठेवा. पुढे नीती आयोगाने बहुआयामी गरिबी मोजली. मध्य प्रदेशात २०१५-१६ मध्ये ती ३६.५७ टक्के होती, २०१९-२१ मध्ये २०.६३ झाली. ही घट मोठी आहे. वीज, गॅस, संडास, बँकेचे खाते घरोघर पोचले, त्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यायलाच हवे. पण या मोजणीत शिक्षण, आरोग्य आणि राहणीमान येते, हातात येणारी कमाई येत नाही. घरात शेगडी आली हे ती सांगते. सिलिंडर दुसऱ्यांदा भरायला पैसे आहेत का, याचे उत्तर कमाईतच शोधावे लागते.

आणि राज्य म्हणजे इंदूर नव्हे. २०१५-१६ च्याच मोजणीत इंदूर जिल्ह्यात १०० पैकी ११ जण गरीब होते, तर आलीराजपूर जिल्ह्यात ७१. इथून सकाळी निघालेला माणूस दुपारी आलीराजपूरला पोचतो. त्या भागातला भिल्ल, भिलाला माणूस पेरणी आटोपली की बायकोमुलांसह गुजरातकडे निघतो. बडोद्याचे आपले सभासद त्यांना बांधकामांवर रोज पाहतात. त्यांतले कितीतरी गोध्रा परिसरातल्या कारखान्यांत क्वार्ट्झचा दगड दळायच्या कामाला लागले. ती पूड फुप्फुसात साचली आणि सिलिकोसिस होऊन तरुण माणसे मेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तसा आदेश दिला. मंडळी, ही २३८ माणसेदेखील बेकार नव्हती. त्यांना रोजगार होता. त्या रोजगारानेच त्यांचा जीव घेतला.

तुम्ही विचाराल, याचा आपल्या मराठी समाजाशी काय संबंध? आपण तर होळकरशाहीपासूनची जुनी घराणी. पणजोबा दरबारात, आजोबा शाळेत, वडील सचिवालयात किंवा बँकेत. हीच तर आपली अडचण आहे. आपले सगळे आयुष्य पगाराच्या नोकरीवर उभे राहिले आणि तीच नोकरी आता दुर्मिळ झाली. भंवरकुआंला जाऊन या. एकेका खोलीत तीन-चार मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करत वयाची तिशी गाठतात. २०१३ मध्ये व्यापमं प्रकरण उघडकीस आले, ते याच शहरात. २०२३ मध्ये पटवारी भरतीवर आक्षेप आले, नेमणुका थांबल्या, चौकशी झाली आणि २०२४ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. चौकशीत काही निघो वा न निघो, ज्याने अभ्यास केला त्या मुलाचे महिने गेले ते गेलेच. ज्याला परवडते तो पुणे-बंगळुरू गाठतो. ज्याला परवडत नाही तो मोटरसायकलवर पार्सले पोचवतो आणि घरी सांगतो, "कंपनीत आहे."

अशी मुले आपल्या मंडळाच्या घरांत आहेत. लाजेपोटी त्यांचे आईवडील आज इथे आले नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

आता मजुरीचे पाहू. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दर पाच वर्षांच्या आत फेरविचार करण्याची तरतूद होती. आपल्या राज्यात २०१४ नंतर वाढ झाली ती थेट एप्रिल २०२४ मध्ये. तिलाही मे महिन्यात न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि ती डिसेंबरात उठली. दहा वर्षे! या दहा वर्षांत तुरीची डाळ, घरभाडे आणि शाळेची फी थांबली होती का?

दुसरीकडे २०२३ च्या जूनपासून लाडली बहना योजनेचे पैसे खात्यात येऊ लागले. सुरुवात १,००० रुपयांनी झाली, पुढे रक्कम वाढली. माझा त्याला विरोध नाही. पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर पैसा आला म्हणून समाधान वाटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण ज्या राज्यात १ टक्काच बेकारी आहे, तिथे सव्वा कोटीच्या आसपास बायकांना हजार रुपयांनी एवढा आधार वाटावा, याचा अर्थ काय? अर्थ हाच की घरात काम आहे, पण भागत नाही.

तेव्हा मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली आपल्या घरातली. मंडळाने सभासद-कुटुंबांची पाहणी करावी. "नोकरी आहे का?" एवढेच विचारू नये. महिन्याला किती येतात, वर्षातून किती महिने येतात, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, आजारपणात कोण पाहते, हेही विचारावे. नावे गुप्त ठेवावीत. मी स्वतः घरोघर फिरायला तयार आहे.

दुसरी, आपल्या शिष्यवृत्तीचे निकष बदलावेत. आज ती गुणांवर दिली जाते आणि बहुधा ज्यांना गरज नाही अशांच्या घरी जाते. निम्मी रक्कम गिरणी कामगारांच्या नातवंडांसाठी आणि हाताला कसब देणाऱ्या शिक्षणासाठी ठेवावी. आयटीआयला जाणाऱ्या मुलाचा सत्कारही याच मंचावर व्हावा.

तिसरी राजकारणातली. निवडणुका आल्या की सगळ्या पक्षांचे उमेदवार गणेशोत्सवात आपल्याकडे येतात, पुरणपोळी खातात, अहिल्यामातेचे नाव घेतात आणि जातात. यापुढे त्यांना तीन प्रश्न लेखी द्यावेत. भरती परीक्षांचे वेळापत्रक ठरलेल्या तारखांना पाळणार का? किमान वेतन वेळेवर वाढवून ते कंत्राटी कामगाराच्या हातात खरोखर पडते का, हे तपासणार का? आणि कारखाना बंद झाला तर कामगाराची देणी जमिनीच्या सौद्याआधी चुकती करणार का? मिळालेली उत्तरे या पत्रिकेत जशीच्या तशी छापावीत. ज्याचे उत्तर येणार नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी सोडावी.

मागच्या आठवड्यात बहिणीला पुन्हा फोन केला. म्हटले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. पोरांना इथे काम मिळाले असते, पण त्या कामावर त्यांचा संसार उभा राहिला नसता. ती म्हणाली, "मग दादा, जे तिथेच राहिले त्यांचे काय?"

हा प्रश्न मी आता तुमच्या हवाली करतो. पाने वाढली आहेत, चला.