एकच आकडा सगळ्याजणींना कसा चालेल?

गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाबरोबर हल्ली आणखी एक हिशोब आमच्या कानावर येतो, तो कॅलरीचा. मोबाईलवर तक्ता येतो, ‘रोज 1200 कॅलरीच खा, वजन उतरेल.’ मग कुणी रात्रीची भाकरी सोडते, कुणी दूध बंद करते. पण हा तक्ता कुणासाठी, ते त्यात लिहिलेलं नसतं. आज त्यावरच बोलू.

कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 55 किलो वजनाच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला सुमारे 1660 कॅलरी लागतात. मध्यम कष्टाला 2130 आणि जड कष्टाला 2720. गरोदरपणात त्यावर 350 जास्त. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने 600 जास्त. म्हणजे दिवसभर दुकानात बसणारी आणि ऊसतोडीला जाणारी, दोघींचं वजन सारखं असलं तरी गरजेत हजाराचा फरक पडतो.

मग मोजणं कुणाच्या उपयोगाचं? काम बैठं आहे, वजन वाढत चाललंय, पोटाचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर गेलाय, अशा बाईने आठवडाभर मोजून पाहावं. छोटा चमचाभर तेल म्हणजे 45 कॅलरी. चहात दोन छोटे चमचे साखर म्हणजे 40. दिवसात पाच कप झाले तर नुसत्या साखरेच्या 200! पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 165 असतात. तेव्हा भाकरी सोडण्याआधी साखर कमी करा.

पण गरोदर, बाळाला पाजणारी, रक्त कमी असलेली, अंगाने बारीक आणि वाढत्या वयाची मुलगी, यांनी मोजून खाणं कमी करू नये. पोलीस भरतीसाठी 800 मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या पोरीला तर पोटभर जेवण हवं. तिला ताकद कमवायची आहे, वजन घटवायचं नाही. आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. रक्तातली साखर एकदम उतरून चक्कर येते, बाई बेशुद्धही पडू शकते.

आणखी एक गोष्ट. शंभर कॅलरी साखरेच्याही होतात आणि डाळीच्याही. आकडा सारखाच, पण डाळीतून प्रथिनं आणि लोह मिळतं, साखरेतून नाही. शेंगदाणे, मटकी, पालेभाजी, अंडं पानात आहे का, हे आधी बघा.

आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, डाळ तळाला लागलेली असते. तिच्या वाट्याला आधीच कमी येतं. ते आणखी कमी करा, असं आम्ही कसं म्हणू? तिने सगळ्यांबरोबर पान वाढून घ्यावं, एवढंच आमचं सांगणं.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. थकवा, धाप, चक्कर असेल तर आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या. आणि गटात पुन्हा असा तक्ता आला, की आधी विचारा, ‘हा कुणासाठी आहे, आणि मी दिवसभर काय काम करते?’