पाणथळीतील सभा



चोच, पंख, पाय आणि अन्न असे चार रकाने फळ्यावर भरले की पक्ष्याचा पाठ पुरा झाला, असा पुष्कळदा समज असतो. दक्षिण अमेरिकेतील इपाकाआ हा पक्षी मात्र या रकान्यांत मावणारा नाही.

पाणकोंबडीच्या कुळातील हा थोराड पक्षी सुमारे अर्धा मीटर लांब असतो. त्याची पाठ हिरवट तपकिरी, चोच पिवळसर, डोळे व पाय लालसर. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील येथील दलदली व नदीकाठची राने हे त्याचे वसतिस्थान होय. चाहूल लागताच तो लव्हाळ्यात दिसेनासा होतो.

या लाजऱ्या पक्ष्याचे अंतरंग विल्यम हेन्री हडसन यांनी जगापुढे मांडले. त्यांचा जन्म १८४१ साली अर्जेंटिनात झाला. घरी येणाऱ्या शिक्षकांकडून त्यांना थोडेबहुत शिक्षण मिळाले; बाकीचे माळरानाने दिले. ला प्लाटा प्रदेशाच्या निसर्गावरील आपल्या १८९२ सालच्या ग्रंथात त्यांनी इपाकाआची सभा वर्णिली आहे. पाण्याकाठी लव्हाळ्यांनी वेढलेली एक सपाट जागा ठरलेली असते. एक पक्षी मोठ्याने साद घालतो आणि चोहोकडून दहा-वीस पक्षी तेथे धावत येतात. पंख पसरून, चोची आकाशाकडे करून ते सैरावैरा धावतात आणि माणसाच्या किंकाळीसारखा आक्रोश करतात. काही मिनिटांतच सारे शांत होऊन आपापल्या वाटेने निघून जातात.

ही सभा पाहावयाची तर पक्ष्यांना चाहूल लागू न देता थांबावे लागते. हडसन यांच्यापाशी तो धीर होता.

याच कुळातील पांढऱ्या छातीची पाणकोंबडी आपल्या गावच्या ओढ्याकाठीही आढळते. पावसाळ्यात तिचे ओरडणे दूरवर ऐकू येते. ती कोठे चरते, पिले केव्हा दिसतात, हे गुरे राखणाऱ्या मुलास बहुधा ठाऊक असते. तोच मुलगा वर्गात मात्र मागच्या ओळीत मुका बसलेला असतो.

एका सकाळी वर्ग ओढ्याकाठी न्यावा, घटकाभर निःशब्द बसवावा आणि पहिला प्रश्न त्या मुलास विचारावा. त्याचे उत्तर शिक्षकाने स्वतः वहीत उतरून घ्यावे. आपल्याजवळही सांगण्याजोगे ज्ञान आहे, हे ज्या मुलास एकदा उमगले, त्यास शाळा परकी वाटत नाही.