पडद्यापासून मागे : कमी पैशांत गेमिंग कॉम्प्युटर जोडताना



पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे मराठी माणूस जिथे जाऊन राहिला तिथे व्याख्यान ऐकायची सवयही सोबत घेऊन गेला, आणि माळव्यात ती अजून टिकून आहे. उज्जैनच्या या व्यासपीठावर मला ग्राफिक कार्ड आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एसएमपीएस यांच्यावर बोलायला बोलावलं, याचा मनापासून आनंद वाटतो. कारण हा विषय आपल्या घराघरांत निघतो आणि बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीवर निकालात निघतो. मुलाला गेमिंग पीसी हवा असतो, वडिलांनी पन्नास-साठ हजारांची मर्यादा घातलेली असते. फ्रीगंजमधल्या किंवा इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या दुकानातून एक कोटेशन येतं, त्यातली पहिली ओळ वाचली जाते आणि ऑर्डर दिली जाते.

पहिल्या ओळीत प्रोसेसर असतो. माझं म्हणणं असं आहे की यादी तिथून सुरू करू नका, पडद्यापासून सुरू करा. कोणते खेळ खेळायचे आणि कोणत्या मॉनिटरवर, हे आधी ठरवा. त्यावरून ग्राफिक कार्ड ठरतं, कार्डावरून प्रोसेसर, आणि या दोघांवरून एसएमपीएस. मात्र एसएमपीएसचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवायचे. त्या रकमेला हात लावायचा नाही.

पडद्याचं गणित साधं आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. हे सगळे ठिपके ग्राफिक कार्डाला प्रत्येक चित्रासाठी नव्याने रंगवावे लागतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर सातपेक्षाही कमी. आणि कार्डाने रंगवायला घेण्याआधी कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, हा सगळा हिशेब प्रोसेसरने त्याच वेळात पुरा केलेला असावा लागतो. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्याच गतीने खेळ चालतो. म्हणून महाग प्रोसेसर आणि दुबळं कार्ड ही जोडी पैसे वाया घालवते, आणि उलटी जोडीही. आपल्या बजेटमध्ये फुल एचडी हेच योग्य ठिकाण आहे. फोर-केचा मोह सोडून द्या.

खेळांचंही तसंच. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला चित्रांचा वेग हवा असतो, तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारखा खेळ कार्डाला घाम फोडतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा खेळ तरुणांनी जरूर पाहावा. आपल्याकडची पुराणं, किल्ले आणि रंग घेऊन पुण्यात बसून जगाच्या बाजारात खेळ आणता येतो, हे त्याने दाखवून दिलं. पालकांनाही सांगतो, या यंत्रापुढे बसणारा मुलगा उद्या खेळ बनवणाऱ्यांतलाही असू शकतो.

बजेट फारच आवळलेलं असेल तर कार्ड आजच घ्यायलाच हवं असं नाही. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक आहे. हलके खेळ त्यावर छान चालतात. अट एवढीच की रॅमच्या दोन काड्या लावायच्या. १६ जीबीची एक काडी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावल्या की मेमरीकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो, आणि पोटातलं ग्राफिक याच रॅमवर जगत असल्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो.

कार्ड घ्यायचंच असेल तर गेली काही वर्षं मी आरएक्स ६६०० कडे बोट दाखवत आलो आहे. ८ जीबी मेमरी, १३२ वॅटची भूक आणि फुल एचडीला पुरून उरेल इतकी ताकद. थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६० किंवा १२ जीबी मेमरीचं इंटेलचं बी५८० पाहावं. पण आरएक्स ६५०० एक्सटीपासून सावध राहा. ते नावाला शेजारी वाटतं, पण ४ जीबी मेमरीचं आणि मदरबोर्डशी फक्त चार लेनने बोलणारं कार्ड आहे. मदरबोर्ड जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा असेल तर त्या चार लेनची क्षमता निम्मी होते. मग खेळ मधूनमधून अडखळतो, आणि मुलगा इंटरनेटला दोष देत बसतो.

आता प्रोसेसर. 'आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी' अशी स्वस्त जाहिरात दिसली की एकच विचारा : कितवी पिढी? २०१२ सालचा तिसऱ्या पिढीचा आय सेव्हनही आय सेव्हनच असतो. २०२२ चा साधा आय थ्री १२१००एफ त्याला सहज मागे टाकतो, आणि जुन्या आय सेव्हनला विंडोज ११ चा अधिकृत आधारही नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा मुद्दा आता टाळता येत नाही. फसायची दुसरी जागा म्हणजे रायझन ५ ५५०० आणि ५६००. दोघांत सहा कोअर, भावात थोडा फरक. पण ५५०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, तर ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० ला पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढीच मिळते. खेळांसाठी ती कॅश फार मोलाची. भावातला हा फरक भरा आणि चकचकीत दिव्यांच्या पंख्यांवर काट मारा.

रॅमबद्दल रुपयांत बोलण्याचं मी टाळतो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे ओढला गेला आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत ज्याच्याकडे डीडीआर४ च्या जुन्या काड्या पडून आहेत, त्याने रायझन ५६०० बसतो तो एएम४ चा बोर्ड घेऊन त्या वापराव्यात. नवं ते चांगलं म्हणून डीडीआर५ कडे धावू नये.

आता एसएमपीएस. इथे मी मुद्दाम थांबणार आहे. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणारा एसएमपीएस हातात घ्या. बाजूला मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' छापलेलं असतं. ते सोडा आणि खालचा तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याच्याखालचे अँपिअर पाहा. समजा तिथे १८ आहे. १२ गुणिले १८, झाले २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर या १२ व्होल्टवरच चालतात, म्हणून खरी ताकद ही. आता खर्च मांडा : आरएक्स ६६०० चे १३२, ५६०० भरात आला की ७६ पर्यंत, झाले २०८. पंखे, बोर्ड, एसएसडी अजून यायचेच आहेत. आणि कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त ओढतं ते वेगळंच. म्हणजे खेळ ऐन रंगात आला की कॉम्प्युटर बंद. बंद पडला तर नशीब म्हणायचं. हलक्या एसएमपीएसमध्ये संरक्षणाचं सर्किट नसेल तर तो जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. चांगल्या कंपनीच्या ४५० ते ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच १२ व्होल्टच्या रकान्यात जवळपास पूर्ण वॅट दिसतात. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. तो असावा, पण मालाच्या टिकाऊपणाची हमी त्यात नाही. त्यासाठी नेमक्या मॉडेलची परीक्षणं वाचावी लागतात.

एसएमपीएस कितीही चांगला असला तरी घरात अर्थिंग नसेल तर अर्धं काम बाकी आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हा अनुभव इथे अनेकांना असेल. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि त्याने अर्थच्या तारेतून जमिनीत जायचं असतं. तार नसली की तो तुमच्या हातातून वाट शोधतो. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. कॉम्प्युटर यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या. आणि ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅटच मिळतात, हे लक्षात ठेवा. त्यावर खेळत राहायचं नसतं, सेव्ह करून बंद करायचं असतं.

उज्जैनचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार! मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोली २५ अंशांवरून ४२ वर गेली की आतली चिपही साधारण तेवढेच अंश वर चढते, कारण पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. समोर संपूर्ण काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं असतं, पण इथे ते भट्टी होतं. समोर जाळी, जाळीमागे धुळीचा फिल्टर, दोन पंखे आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. धूळ महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअरने काढावी, आणि काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत; वाऱ्याने भरमसाट फिरली तर बेअरिंग जातं.

सेकंड हँड मालाला माझा विरोध नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची रचना बदलली, ग्राफिक कार्डावर ते नाणं काढणं बंद झालं, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली चांगलीही निघतात. दुकानातच पंधरा-वीस मिनिटं जड खेळ चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एएम४ चा प्रोसेसर असेल तर उलटा करून पिना उजेडात पाहा, एकही वाकलेली नको. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डबे स्वस्त पडतात, पण त्यांतल्या अनेकांचा एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा असतो आणि बदलता येत नाही. तिथे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं, ७० वॅटचं कार्ड कामाला येतं. त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. मात्र घेण्यापूर्वी डब्यात त्याची उंची मावते का, ते मोजा. आणि डबा इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचाच घ्या, म्हणजे विंडोज ११ चालेल.

जोडणी झाल्यावर तीन गोष्टी हमखास राहून जातात. मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक कार्डात लावायची. मॉनिटर १४४ चा असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा वेग ६० वरून १४४ करायचा, तो आपोआप होतोच असं नाही. आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. बिल पक्कं घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि खोके माळ्यावर जपून ठेवा. वॉरंटीसाठी माल पाठवताना ते लागतील.

व्याख्यान इथे थांबवतो. कोटेशन सोबत आणलेल्यांनी पुढे यावं. एसएमपीएसच्या ओळीत कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलेलं आहे की नुसतं '४५० वॅट', ते आधी पाहू.