आमचं काय चुकलं?
(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पुढच्या आठवड्यात मी कर्जत भागातल्या एका ठाकरवाडीत गेले होते. पाऊस थांबत नव्हता. एका आजीने माझा हात धरून विचारले, “ताई, आमचं काय चुकलं गं?” मी तिच्याबरोबर प्रार्थना केली, पण उत्तर देता आले नाही.

प्रश्न जुना आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे प्रभूने विचारले आणि ‘नाही’ असे स्वतःच सांगितले. मग चूक कोणाची? इथे शास्त्रज्ञांचे काम मला मोलाचे वाटते.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले. महादेव कोळी समाजाची दीडशेच्या आसपास माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडचे डोंगर खचले. तिथे एका दिवसात १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या गटाच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर दोन हवामाने तपासली : एक आजचे, दुसरे कोळसा आणि तेल भरमसाट जाळण्याआधीचे, सुमारे १.३ अंशांनी थंड. दोन्हींत असा पाऊस किती जोराचा झाला असता, हे पाहिले. फरक निघाला सुमारे १० टक्क्यांचा. कारण साधे आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते आणि ती पावसात उतरते. डोंगराळ, लहान भागाचा अंदाज कठीण असतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. शिवाय दरड एकट्या पावसाने येत नाही. तोडलेले जंगल आणि पोखरलेला उतारही तिला हातभार लावतात.

आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. असे संशोधन वर्षानुवर्षांच्या नोंदींवर उभे राहते. पण आपल्या पाड्यांवर पाऊस मोजतो कोण? तालुक्याच्या ठिकाणी उघडीप असते, तेव्हा वर डोंगरात ढग फुटलेला असतो.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची. प्रत्येक पाड्यावर एक पर्जन्यमापक द्यावा. रोज सकाळी साडेआठला वसतिगृहातल्या किंवा शाळेतल्या मुलांनी तो पाहून वहीत आकडा लिहावा आणि पाऊस वाढला की मोठ्यांना सांगावे. आणि रात्री घरे सोडावी लागली तर कोणत्या शाळेत किंवा मंदिरात जायचे, चावी कोणाकडे असेल, हे मे महिन्यातच ठरवावे. चर्चची दारेही त्यासाठी उघडी असावीत.

त्या आजीकडे गाडी नाही, एसी नाही. विजेचा एक दिवा आहे, तोही पावसात जातो. हवा तापवणाऱ्या धुरात तिचा वाटा नगण्य आहे. आपला मात्र आहे. पुढच्या वेळी मी तिला सांगणार आहे, “आजी, तुमचं काही चुकलं नाही.” त्यावर ती विचारील, “मग आता काय करायचं?” तेव्हा माझ्या हातात निदान तो पर्जन्यमापक असावा, एवढीच प्रार्थना.