गाडीचा रंग गाडीलाच विचारावा



मसुऱ्यासारख्या गावात आता दारोदार दुचाकी दिसते. चिऱ्याच्या गडग्याला मडगार्ड घासतो आणि ओरखडा उठतो. इतर ठिकाणी तो डोळ्यांना खुपतो एवढेच. आपल्याकडे कालावलच्या खाडीवरून खारी हवा येते. उघड्या पत्र्यावर मीठ बसते, मीठ ओल धरते, आणि गंज रंगाच्या खालून आडवा सरकत जातो. म्हणून ओरखड्यावर रंग देणे ही नुसती हौस नव्हे.

पुष्कळ मंडळी दुकानात जाऊन "लाल द्या" म्हणतात. पण कोणता लाल? कारखाना प्रत्येक रंगाला सांकेतिक क्रमांक देतो. चारचाकीत तो बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. दुचाकीत आसनाखाली किंवा सांगाड्यावर शोधावा. मारुतीच्या गाडीवर '२६ यू' दिसले तर तो पांढरा. आता पांढऱ्यात काय जुळवायचे, असे वाटेल. पण त्यातही कणभर काळा, कणभर पिवळा मिसळलेला असतो. सोलकढीत नारळाचा रस थोडा अधिक पडला की गुलाबी कशी उतरते, तसेच हे.

क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. तो सांगतो गाडी नवी होती तेव्हाचा रंग. तुमची गाडी त्यानंतर पाच-सहा उन्हाळे अंगणात उभी आहे! उन्हातले अतिनील किरण रंगद्रव्य मोडतात, आणि पुष्कळसे लाल रंग यात हळवे. शिक्षकांनी हे वर्गात जरूर दाखवावे. लाल घोटीव कागदाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून मे महिन्याच्या सुट्टीत उन्हाच्या खिडकीत ठेवावा, आणि शाळा उघडल्यावर पुठ्ठा काढावा.

म्हणून ओरखड्याशेजारची जागा आधी धुऊन पॉलिश करावी. वरचा मेलेला थर निघतो आणि आजची छटा दिसते. जमल्यास गाडीचा एखादा सुटा भागच दुकानात न्यावा. तयार रंग पत्र्याच्या तुकड्यावर लावून पुरता वाळू द्यावा, कारण ओला नि वाळलेला रंग एक दिसत नाही. मग तो गाडीला लावून दिवसाउजेडी पाहावा. ट्यूबच्या प्रकाशात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. दशावतारातल्या राजाचे रात्री शोभणारे तोंड सकाळी पाहिलेत ना?

चमकीच्या रंगाची गोष्ट आणखी अवघड. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. फवाऱ्याने त्या एका तऱ्हेने बसतात, कुंचल्याने दुसऱ्या. रंग तोच असून डाग दिसतो. तिथे कारागिराकडे जाणे बरे.

आणि ऐन पावसात ओरखडा पडला तर? त्या हवेत लॅकर लावू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग दुधट पडतो. उघाडीचा दिवस पाहून विहिरीच्या गोड्या पाण्याने मीठ धुवावे, जागा कोरडी करावी, गंज पॉलिशकागदाने घासून काढावा आणि प्रायमर द्यावा. प्रायमर एकटा पाणी पुरते अडवत नाही. त्यावर जवळपासचा कोणताही रंग चालेल, छटा चुकली तरी चालेल. नेमका जुळणारा रंग दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की द्यावा.